स्वस्ताची लाज कोणाला?

सकाळचे साडेआठ झाले असतील. आमच्या तिठ्यावरच्या भाजीच्या गाड्यासमोर मी रांगेत उभा होतो. पुढे चार बायका, मागे एक रिक्षावाला, माझ्या हातात घरची कापडी पिशवी. तेवढ्यात शेजारी एक गाडी थांबली, काच खाली आली आणि ओळखीच्या एका गृहस्थांनी डोळे विस्फारून विचारलं, "अरे, तूं हांगां? गाड्यार?" 'गाड्यार' या शब्दावर त्यांनी असा जोर दिला की रांगेतल्या बायकाही वळून बघायला लागल्या. हेडमास्तर मटक्याच्या टपरीवर सापडावा तसा मी सापडलो होतो. गृहस्थ स्वतः पर्वरीला निघाले होते, तिथल्या मोठ्या दुकानात आठवड्याचा बाजार करायला. जाता जाता सल्ला देऊन गेले, "थंय वचून बघ. सगळें एकाच जाग्यार मेळटा. आनी माल बरो आसता." काच वर गेली. गाडीतला गारवा तेवढा दोन क्षण अंगाला लागला.

सल्ल्याचा राग नाही आला. त्यामागच्या कीवेचा आला.

हे मत त्या एका गृहस्थाचं असतं तर मी लिहायला बसलो नसतो. पेडण्याच्या बाजारात, डिचोलीच्या बसस्थानकावर, लग्नाच्या पंगतीत हे सारखं ऐकू येतं, आणि ऐकवणारे शिकलेसवरलेले असतात. मत असं: स्वस्त दुकानात जाणारा एक तर गरीब, नाही तर चिक्कू. भाजीचा सरकारी गाडा, सहकारी संस्थेचा बाजार, खोक्यातला माल खोक्यातच ठेवून विकणारं सवलतीचं दुकान, हे सगळं ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी. परवडणाऱ्यानं मोठ्या साखळीच्या थंडगार दुकानात जावं. तिथला माल चांगला, तिथं सगळं मिळतं, ऑफर असतात, वेळ वाचतो. आणि एवढ्यावर भागत नाही म्हणून वरून नीतीची फोडणी: तुमच्यासारख्यांनी गाड्यावर गर्दी केली तर गरिबाच्या तोंडचा घास जातो, आणि स्वस्त दुकानांमुळे गावचा दुकानदार मरतो.

म्हणजे अर्धा किलो टोमॅटो घेताना मी गरिबाचा घास काढतो, दुकानदाराचा गळा दाबतो आणि वर हलका माल घरी आणतो. एवढी पापं एवढ्या कमी पैशांत मिळत असतील, तर ऑफर याला म्हणायला हवं.

आधी मालाचं बघू, कारण सगळा तोरा त्यावरच उभा आहे. गोव्यात खपणाऱ्या भाजीचा मोठा भाग बेळगावहून येतो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. चोर्ला घाट उतरलेला ट्रक सत्तरीतल्या केरीवरून सांखळीला येतो आणि तिथून डिचोली, म्हापसा, पणजी अशा वाटा फुटतात. म्हणजे पर्वरीच्या थंड दुकानातली भेंडी पुष्कळदा डिचोली तालुक्याच्या अंगणातूनच पुढे गेलेली असते. तिथं पोचल्यावर तिला पांढऱ्या ट्रेमध्ये निजवतात, वर पारदर्शक कागद ताणतात, भावाची चिकटपट्टी लावतात. मग डिचोलीतला एखादा शौकीन गाडीत पेट्रोल भरून तिच्या मागोमाग जातो आणि तिला परत डिचोलीला घेऊन येतो. एवढ्या प्रवासानं भेंडीची जात बदलते का? वय मात्र वाढतं.

गाडा चालवणारं गोवा राज्य फलोत्पादन महामंडळ सरकारी आहे. ते व्यापाऱ्यांकडून भाजी घेतं, इथल्या शेतकऱ्यांकडूनही घेतं आणि सरकारी अनुदानाच्या जोरावर बाजारापेक्षा कमी दरानं विकतं. दर फळ्यावर लिहिलेला असतो. पेडण्यात जो, तोच काणकोणात. स्वस्त का, याचं उत्तर त्या फळ्यामागे लपवून ठेवलेलं नाही: मधला फरक सरकार भरतं. भेंडी खालच्या प्रतीची आहे म्हणून ती स्वस्त झालेली नाही. दुपारी बारानंतर गेलात तर मान टाकलेली पालेभाजी पदरात पडेल, हे कबूल. मे महिन्यात बारानंतर माणसंही मान टाकतात.

आता बंद पाकिटं. साबण, चहा, टूथपेस्ट, बिस्किटं. एकाच कंपनीचा, एकाच कारखान्यातला, एकाच छापाचा माल. पर्वरीच्या पाकिटात सुवास जास्त भरलेला असतो का? पाकिटावर छापलेली किंमत ही कमाल किंमत आहे. तिच्यापेक्षा जास्त घ्यायला कायदा मना करतो. कमी घ्यायला त्यानं कोणाचा हात धरलेला नाही. तरी आमच्याकडे छापील किमतीला घेतलेला साबण प्रतिष्ठित आणि चार रुपये कमी देऊन घेतलेला तोच साबण संशयित!

स्वस्ताईमागे काही काळंबेरं असणारच, ही शंका ज्यांना छळते त्यांनी त्या धंद्याचं गणित एकदा बघावं. २००२ साली पवईत पहिलं दुकान काढलेल्या डी-मार्टनं ते देशाला दाखवून दिलं. जागा शक्यतो स्वतःची, म्हणजे डोक्यावर भाडं नाही. सजावट बेताची. खपतो तेवढाच माल ठेवायचा, शंभर जातींचा हव्यास नाही. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे आणि त्या बदल्यात त्याच्याकडून भाव पाडून घ्यायचा. मग नफा थोडा, खप मोठा. यात हलका काय झाला? दुकानाचा खर्च हलका झाला. साखळीच्या झगमगाटी दुकानात हा खर्च कोण भरतं? तो संगीताचा आवाज, ती लादी, ते बारा प्रकारचे मध, त्यातले नऊ वर्षभर कोणी उचलत नाही: या सगळ्याचं भाडं तुमच्या तूरडाळीच्या किलोत बसवलेलं असतं. आवडतं तर द्या. पण डाळ चांगली म्हणून ते द्यावं लागतं, असं लोकांना सांगत सुटू नका.

डाळीचंच निघालं म्हणून सांगतो. १८ जुलै २०२२ पासून तांदूळ, डाळ, पीठ अशा वस्तूंच्या पंचवीस किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या पाकिटांवर ५ टक्के जीएसटी आहे. त्याच वस्तू सुट्या घेतल्या तर तो नाही. म्हणजे पोत्यातून मोजून घेतलेली डाळ आणि पिशवीत बंद केलेली तीच डाळ यांत चित्र, पिशवी आणि कर एवढं तुम्ही जास्तीचं घेता. बदल्यात काय जातं? मूठभर डाळ तळहातावर घेऊन फुंकर मारायची, खडा बघायचा, दाताखाली दाणा फोडून जुनी की नवी ठरवायचं, ही सोय जाते. आमची आई डोळे मिटून, नुसत्या वासावरून उकडा तांदूळ ओळखायची. तिला पारदर्शक पिशवी दिली असती तर तिनं आधी पिशवीला नख लावलं असतं.

'सगळं एकाच जागी मिळतं' हा दुसरा मंत्र. कुठलं सगळं? चतुर्थीच्या आधीच्या दोन दिवसांत मी त्या थंड दुकानात गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान मागणार आहे. कवंडळं, आटकी, तोरिंगं, सुपारीचा अख्खा घोस. बघू, काउंटरवरची मुलगी संगणकात काय टाइप करते. हे सगळं मिळतं डिचोलीच्या, सांखळीच्या, म्हापशाच्या रस्त्यावर, रानातून डोक्यावर भारे आणणाऱ्या बायकांपाशी. ज्यांच्या घरात गणपती बसतो त्यांना वर्षातून एकदा तरी त्या बायकांसमोर उकिडवं बसावंच लागतं. मे महिन्यात पावसाळ्याची बेगमी, आमच्या भाषेत पुरुमेत, करायची वेळ आली की पुन्हा तेच. सोलं, सुकं नुस्तं, मिरची. आमच्याच पेडणे तालुक्यातल्या हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळालं ते २०२१ मध्ये. तिचा मान दिल्लीनं ओळखला, पण पेडण्याचा माणूस थंड दुकानातून 'काश्मिरी' असं छापलेली पूड घेऊन येतो. बुधवारी डिचोलीला बाजार भरतो, गुरुवारी पेडण्याला, शुक्रवारी म्हापशाला. तिथं जे मिळतं ते एका छपराखाली मावत नाही, म्हणून तर ते उघड्यावर भरतात.

एका छपराखाली सगळं मिळतं याचा खरा अर्थ वेगळाच आहे: नको तेही मिळतं. दूध आणि पाव दुकानाच्या टोकाला, म्हणजे तिथवर पोचताना अख्खी बाजारपेठ डोळ्यांखालून जावी. चॉकलेटं पैसे भरायच्या जागी, लहान मुलाच्या हाताच्या उंचीवर. चार वस्तूंची चिठ्ठी घेऊन गेलेला माणूस चौदा घेऊन बाहेर येतो आणि चिठ्ठीतली चौथी विसरल्याचं घरी आल्यावर आठवतं. याला सोय म्हणतात.

वेळ आणि पैसे वाचतात म्हणे. पेडणे ते पर्वरी जाऊन-येऊन पन्नास किलोमीटर धरू. गाडी लिटरला पंधरा देते म्हणू. सव्वातीन लिटरच्या पुढे पेट्रोल, म्हणजे तीनशे रुपये गेले. दोन हजारांचं सामान आणलं असेल तर शेकडा पंधरा रुपये नुसते रस्त्यात सांडले. त्यात कोलवाळच्या पुलाअलीकडे थांबलेला वेळ नाही, पर्वरीत गाडी लावायला घातलेल्या तीन फेऱ्या नाहीत, आणि 'आलोच आहोत तर' म्हणून खाल्लेलं आइस्क्रीम नाही. एवढं करून बिलाच्या शेवटी छापलेलं असतं, आज आपण एकशे चाळीस रुपये वाचवले. गृहस्थ तो कागद जपून ठेवतात!

ऑफरांची गोष्ट थोडक्यात आटपतो, कारण ती थोडक्यातच संपते. एकावर एक फुकट, तीन घ्या दोनाचे पैसे द्या, कार्डावर गुण. मी एवढंच म्हणतो, किलोला किती पडलं ते बघा. पाकिटावर एककाचा भाव, म्हणजे ग्रॅमला, किलोला किंवा लिटरला किती, हे छापायचा नियम आता लागू आहे. त्याच नियमबदलात ठरावीक वस्तूंची ठरावीक वजनाचीच पाकिटं हवीत हा जुना दंडकही गेला. म्हणून आता १८५ ग्रॅम, ४४० मिली अशी आडनिडी वजनं दिसतात. किंमत तीच, पाकीट तेच, आत वारा जास्त. हा एककाचा भाव इतक्या बारीक अक्षरांत असतो की चष्मा घातल्याशिवाय दिसत नाही, आणि ऑफरचा फलक इतका मोठा असतो की चष्मा काढला तरी दिसतो. गाड्यावरच्या फळ्यावर एकच आकडा असतो, खडूनं लिहिलेला: किलोला इतके. तो समजायला कार्ड लागत नाही.

आता नीतीकडे. 'गाडा गरिबांसाठी आहे, सधनांनी तिथं जाऊ नये.' वाक्य ऐकायला किती सुंदर! पण हा नियम कुठं लिहिलाय? गाड्यावर कोणी उत्पन्नाचा दाखला मागत नाही. सरकारनं ही भाजी गोमंतकीयांसाठी ठेवली आहे, आणि पेन्शनवर जगणारा मी अजून तरी गोमंतकीय आहे. दुसरं, हा सोवळेपणा फक्त टोमॅटोपुरता का? सप्टेंबर २०२१ मध्ये राज्यात महिन्याला १६ हजार लिटरपर्यंतचं घरगुती पाणी मोफत झालं, तेव्हा 'मी सधन आहे, मला बिल पाठवा' असा अर्ज घेऊन बांधकाम खात्याच्या दारात उभा राहिलेला एकही गृहस्थ माझ्या पाहण्यात नाही. नळाचं अनुदान दिसत नाही, रांगेतलं दिसतं. त्यांना खुपतं ते अनुदान नाही, रांग आहे.

एक गोष्ट मात्र मान्य करतो. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोनं देशभर शंभरी ओलांडली तेव्हा गाड्यावर चार-चार किलो उचलणारे काही जण मी पाहिले. तेव्हा ते चुकलेच. पण त्यांच्या गाड्या मोठ्या होत्या, आणि एरवी ते गाड्यावर यायचे नाहीत. नेहमी येणारा माणूस अर्धा किलोच नेतो, कारण उद्याही त्याला यायचंच असतं. शिवाय ज्या दुकानात फक्त नाइलाज झालेले लोक जातात, तिथं बटाटा कुजका निघाला तर विचारणार कोण? रांगेत एखादी निवृत्त बाई उभी असली, की ती बटाटा हातात धरून 'हें कितें दिलां?' असं विचारते आणि तिच्यामागच्या दहा जणींना बरा बटाटा मिळतो. आमच्या गाड्यावर अशी एक बाई आहे. गाडेवाला तिला घाबरून असतो. मीही.

आणि आता गावचा दुकानदार. या मुद्द्यावर मी मुद्दाम जास्त वेळ घेणार आहे, कारण दुकानदाराच्या नावानं सगळ्यात मोठे अश्रू तेच ढाळतात, ज्यांनी त्याच्या दुकानाची पायरी दहा वर्षांत चढलेली नाही.

माझी बहीण डिचोली तालुक्यात, मुळगावच्या बाजूला दिलेली. भावोजींचा एक ट्रक होता, खाणीवर लागलेला. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ट्रक अंगणात उभा राहिला, बँकेचा हप्ता मात्र उभा राहिला नाही. पुढे खाणी थोड्या हलल्या, तोवर फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ लीज रद्द ठरवले आणि मार्चच्या मध्यापासून पुन्हा सगळं चिडीचूप. पाळी, वेळगे, मये, शिरगाव, पिळगाव, ज्या रस्त्यांवर लाल धुळीतून समोरचं दिसत नसे, तिथं दुपारी कुत्री झोपायला लागली. ट्रकवाला, मशीनवाला, टायरचं पंक्चर काढणारा, चहाची टपरीवाली, सगळ्यांचं एकदम थांबलं. त्या काळात ही घरं जगली कशी? पुष्कळशी जगली ती गावातल्या पसऱ्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, वहीवर. लांबट, लाल पुठ्ठ्याची वही. त्यात तारीख, साखर एक किलो, तेल अर्धा लिटर, काडेपेटी. कधी देणार, हे दुकानदारानं विचारलं नाही, कारण उत्तर त्यालाही माहीत होतं. बहिणीच्या घरचं खातं फिटायला कित्येक महिने लागले. आता त्याच मुद्द्यावर त्या थंडगार दुकानाची परीक्षा घ्या. भरलेली गाडी ढकलत काउंटरला जा आणि म्हणा, पुढच्या महिन्यात देतो. काउंटरवरची मुलगी बिचारी हसेल, पण तिच्या यंत्राला तो शब्दच माहीत नाही.

म्हणून दुकानदाराचा कैवार घ्यायचा तर घ्या, मी तुमच्या पुढे उभा राहतो. पण मग पर्वरीहून येताना दूध, पाव, कोथिंबीरसुद्धा आणणारा माणूस दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगतो की गाड्यावर जाऊ नकोस, पसरेकार मरेल? पसरेकार जगतो तो रोजच्या किरकोळीवर: दूध, पाव, अंडी, अर्धा किलो साखर, मोबाइलचं रिचार्ज, आणि उधारीवर. महिन्यातून एकदा तेलाचे डबे आणि साबणाची वडी सवलतीच्या दुकानातून आणणारं घर बाकीचे एकोणतीस दिवस त्याच्याकडेच असतं. झळ त्याला लागते, नाही असं नाही. पण एक दिवसाची झळ आणि तीस दिवसांची पाठ यांत फरक नाही का? आमच्या गावच्या दुकानदाराला मी हे सरळ विचारलं. तो हसला. मोठ्या कंपनीच्या वितरकाचा माणूस त्याच्या आडवाटेला फिरकत नाही, त्यामुळे साबण आणि चहाची पाकिटं तो स्वतःच कधी कधी सवलतीच्या दुकानातून उचलतो आणि रुपया-दोन रुपये ठेवून विकतो. ज्याच्या नावानं खटला चालवताय, तो आरोपीचं गिऱ्हाईक निघाला!

आणि सहकारी बाजाराला 'स्वस्त दुकान' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी तो कोणाचा आहे हे तरी बघावं. फोंड्याची गोवा बागायतदार सहकारी खरेदी विक्री संस्था सुपारी-नारळवाल्या बागायतदारांची. आपल्या मालाला बरा भाव मिळावा म्हणून त्यांनी ती उभी केली, आणि पुढे त्याच संस्थेनं ग्राहकाला बरा भाव मिळावा म्हणून बाजार काढले. तिथं छापील किमतीपेक्षा कमी पैसे घेतात, आणि नफा उरला तर तो सुपारी घालणाऱ्या सभासदाच्या खात्याकडे वळतो. साखळीच्या दुकानातला नफा कुठल्या शहरातल्या कुठल्या मजल्यावर जातो, हे तिथं काम करणाऱ्या मुलालाही सांगता येणार नाही. मराठी माणसाला तर या गोष्टीचा अभिमान हवा. १९४८ साली नायगावच्या गिरणी कामगारांनी अपना बाजार काढला. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत निघाली आणि दादर-पार्ल्याची शिकलेली, खाऊनपिऊन सुखी घरं महिन्याचं सामान एकत्र मागवून, आपल्या हातांनी वाटे घालून नेऊ लागली. प्राध्यापक गुळाच्या ढेपा उचलत आणि डॉक्टरीणबाई याद्या तपासत. त्यांना कोणी चिक्कू म्हटलं नाही. त्यांना चळवळ म्हणत. तेच काम मुळगावची बाई बाजारात एकटी करते, तर ती कंजूष कशी?

मग शेवटी उरतं काय? उरते ती पिशवी. दुकानाचं नाव छापलेली, उचलून चालताना लोकांना वाचता येईल अशी. बाहेरून आलेल्या डब्याला मान द्यायची खोड आमच्याकडे जुनी आहे. १९५० च्या दशकात भारतानं गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा इथल्या बाजारात हॉलंडचे बटाटे विकले जात. जुनी माणसं त्या बटाट्यांचं कौतुक अजून सांगतात, जणू ते तुळशीवृंदावनात पिकले होते. मुक्तीला साठ वर्षं उलटली. बटाटे आता बेळगावचे आले, पण डोळे अजून जहाजाच्या वाटेकडे लागलेले आहेत. त्यात मोपाचा विमानतळ झाला, २०२३ च्या जानेवारीत विमानं उतरायला लागली, आणि पेडण्यात एक नवी जमात तयार झाली: ज्यांच्या आजोबांनी त्याच मातीत मिरची पिकवली आणि ज्यांना त्याच मातीचा तुकडा विकून आलेल्या पैशांत परदेशी ब्रोकोली लागते.

गंमत पुढेच आहे. ज्या विलायतेच्या नावानं ही ऐट, तिथं आमचेच लोक काय करतात? पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेल्या गोंयकारांची इंग्लंडात स्विंडनला मोठी वस्ती आहे. सुट्टीवर आलेल्या त्यांच्यातल्या कोणालाही विचारा, बाजार कुठे करता. आल्डी किंवा लिडल, असं उत्तर येईल, आणि ते सांगताना कोणी मान खाली घालत नाही. दोन्ही जर्मन सवलतीची दुकानं. माल खोक्यातच मांडलेला, प्रकार मोजके, गाडी हवी तर नाणं घाला, पिशवी स्वतःची आणा. तिथंही एके काळी त्या दुकानातून बाहेर पडताना लोक इकडेतिकडे बघायचे. २०२२ मध्ये मॉरिसन्सला मागे टाकून आल्डी ब्रिटनमधलं चौथं मोठं किराणा दुकान झालं, तेव्हा ते इकडेतिकडे बघणं संपलेलं होतं. कुवेतला गेलेल्यांना जमिया विचारा. प्रत्येक वस्तीची ग्राहक सहकारी संस्था, वस्तीतले नागरिकच तिचे भागधारक. तेलाच्या पैशांवर लोळणारे लोक सहकारी दुकानात रांग लावतात आणि त्यांची इज्जत कमी होत नाही. माझ्या त्या गृहस्थांचा स्वतःचा पुतण्या स्विंडनला आहे. तो आल्डीतून चॉकलेटं आणतो. गृहस्थ ती पाहुण्यांना 'लंडनची' म्हणून वाटतात.

तेव्हा, काच खाली असेपर्यंत ऐकून घ्या. स्वस्त घेणारा माणूस फसलेला नसतो, कारण तो भाव वाचतो आणि तुम्ही फलक वाचता. तो कोणाचा घास काढत नाही, आपल्या अंगणातली वस्तू पेट्रोल जाळून परत आपल्याच घरी आणत नाही, आणि साखळीच्या दुकानाचं भाडं तूरडाळीत घालून शिजवत नाही. त्याच्याकडे पैसे असतात म्हणूनच ते कुठं द्यायचे हे तो ठरवतो. कीव करायचीच असेल तर बिलाच्या तळाशी छापलेली बचत खरी मानणाऱ्याची करा. रांगेत उभं राहणाऱ्याला लाज वाटायचं काही कारण नाही आणि मला ती वाटत नाही. उद्याही मी तिथंच असेन.

गाडा साडेसातला उघडतो. टोमॅटो नऊनंतर राहत नाहीत. पिशवी घरून आणावी लागते.